आडवी झाले की नाहीशी होणारी गाठ

माझ्या पोटावर बेंबीच्या डावीकडे, थोडी खाली, एक गाठ यायची. होती असं म्हणत नाही, कारण ती कायम मुक्कामाला नसे. मी उभी असले, त्यातून काही जड उचललं, की ती लिंबाएवढी वर यायची आणि कळ सुरू व्हायची. आडवी झाले की दोन्ही गायब. आता कुठलाही डॉक्टर पेशंटला पहिल्यांदा काय सांगतो, तर झोपा. मी झोपायचे, गाठ आत जायची, डॉक्टर पोट दाबदाबून बघायचे आणि मग पोट सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागायचे. ती नजर मला पाठ झाली होती. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलींकडे मी स्वतः तश्शीच बघत असे.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. घरात तीन माणसं, नवरा, सासूबाई आणि मी. नवरा ठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे उजाडायच्या आत घराबाहेर. मी कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आठवीच्या फळ्यावर पचनसंस्थेची आकृती मी इतकी सुरेख काढायचे की इन्स्पेक्शनला आलेले साहेबसुद्धा थांबून बघायचे. जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं रंगीत खडूंनी. स्वतःच्या पोटात काय चाललंय याचा मात्र पत्ता नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हा सुविचार त्याच फळ्याच्या कोपऱ्यात मी रोज लिहायला हरकत नव्हती.

आमच्या बिल्डिंगला पाणी सकाळी यायचं आणि तेही तळमजल्यावरच्या नळापर्यंतच. वर चढायचा दम त्या पाण्यात नव्हता, म्हणून ते आम्ही चढवायचो. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा कामावर, राहिले मी. कमरेवर हंडा, हातात बादली आणि तीन जिने. दुसऱ्या जिन्यावर कळ यायची. मी हंडा कठड्याला टेकवून वाकून उभी राहायचे, घामाघूम व्हायचे, आणि वरून सासूबाई हाक मारायच्या की पाणी जाईल गं. एकदा त्या दारात उभ्या राहून शेजारच्या काकूंना सांगत होत्या ते मी जिन्यातूनच ऐकलं.

"पाणी आलं की हिच्या पोटात कळ येते. रविवारी दुपारी नाही यायची कधी."

शास्त्रीयदृष्ट्या विधान अगदी बिनचूक होतं. जड उचललं की दुखतं हे त्यांनी बरोबर हेरलं होतं, फक्त कारण म्हणून त्यांनी माझा आळस धरला होता. मी बी.एस्सी. झालेली, पण तोवर एवढंही निरीक्षण मी केलेलं नव्हतं. मला फक्त राग आला. वर गेल्यावर हंडा मी मुद्दाम आपटून ठेवला. त्यातलं अर्धं पाणी सांडलं आणि तेवढ्यासाठी मला पुन्हा खाली जावं लागलं.

सासूबाई वाईट नव्हत्या. हे वाक्य मी आजही जरा दात आवळूनच लिहितेय, पण ते खरं आहे. कोकणात खोल विहिरीचं पाणी ओढत त्यांनी संसार केलेला. आजार म्हटला की अंगात ताप पाहिजे, नाहीतर निदान रक्त तरी आलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब. डोळ्यांना दिसत नाही ते नाही. देव तेवढा या नियमातून वगळलेला. आणि माझी गोची अशी की मला बरं व्हायचं होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा म्हणावं की हो गं, तुला खरंच काहीतरी आहे. नवऱ्याने विश्वास ठेवला होता, पण तो कशावरही ठेवायचा. त्याच्या विश्वासाला घरात किंमत नव्हती.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. स्वयंपाकघरात गाठ आली की ओरडायचे, आई, लवकर या, बघा. त्या गुडघे सांभाळत येईपर्यंत मी ओट्याला धरून ताठ उभी. नेमकी त्या चष्मा शोधायला परत जायच्या, तोवर कळ असह्य होऊन मी खाली बसलेली असायचे, आणि गाठ आत. दोन-तीनदा असं झाल्यावर त्या यायच्या बंद झाल्या. अशी ओरडू नकोस, लोकांना वाटेल मी मारते, असं मात्र बाहेरूनच म्हणाल्या.

एक दिवस मला कल्पना सुचली. वह्या तपासायचं लाल पेन हाताशी होतं. गाठ आल्याबरोबर मी पोटावर तिच्याभोवती छान गोल काढला आणि तशीच, पहिल्या दिवसापासून गॅस आहे म्हणणाऱ्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. आता पळून दाखव, असं मनात म्हणत मी टेबलावर झोपले आणि पोट उघडं केलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. पोटावर लाल शाईचं एक वर्तुळ होतं आणि वर्तुळात काहीही नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढून अगदी मायेने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते का, शाळेत कामाचा ताण आहे का. मी घरी आले ती झोपेच्या गोळ्या घेऊन. शाई पुढे चार दिवस निघाली नाही.

कल्याणला सोनोग्राफी झाली. पोट फुटेस्तोवर पाणी प्यायला लावलं आणि मग, अर्थातच, झोपवलं. रिपोर्ट नॉर्मल. घरी आल्यावर सासूबाईंनी काय आलं म्हणून विचारलं, नवऱ्याने नॉर्मल म्हणून सांगितलं, आणि त्या मनापासून म्हणाल्या की चला, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घासूनपुसून दाराशी ठेवलेला होता. त्या सकाळी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, म्हणजे सोडायला नळाला पाणी असतं तर सोडला असता. नुसतीच रडले.

नाही म्हणायला एक उपाय सासूबाईंनीही केला. बेंबी सरकली असेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि खडवलीला नदीकडच्या वस्तीत एक आजीबाई बेंबी जागेवर बसवून द्यायच्या. एवढे गुडघे दुखत असताना सासूबाई स्वतः मला घेऊन गेल्या, हे मी मान्य केलं पाहिजे. आजीबाईंनी मला चटईवर झोपवलं. पोटावर कणकेची पणती ठेवून वात पेटवली आणि वर तांब्या पालथा घातला. वात विझली, तांब्यातली हवा थंड झाली आणि माझं पोट तांब्यात ओढलं गेलं. हवेचा दाब हा धडा मी त्याच आठवड्यात नववीला शिकवला होता. उकडलेलं अंडं बाटलीत ओढलं जातं तो प्रयोग. आता अंड्याच्या जागी मी होते, आणि तत्त्व स्पष्ट होत असूनही तांब्या काही सुटेना. आजीबाईंनी एका बाजूने पोट दाबलं तेव्हा फट्दिशी आवाज होऊन तो निघाला. पोटावर तांब्याच्या तोंडाएवढा जांभळा गोल उठला. सासूबाई समाधानाने म्हणाल्या की बघ, काहीतरी निघालं.

या सगळ्यात दीडेक वर्ष गेलं. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी मला वाट दाखवली. त्यांचं पित्ताशय ठाण्यात दुर्बिणीतून काढलं होतं. तेव्हा हे नवीनच होतं. मोठी चीर न देता पोटाला तीन-चार बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा, बाकीच्यांतून लांब दांड्याचे चिमटे घालायचे आणि टीव्हीकडे बघत ऑपरेशन करायचं. स्टाफरूममध्ये बाईंनी ती भोकं आम्हाला दाखवली तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की डॉक्टरांनी नक्कीच काही केलेलं नाही. पण बाई ठणठणीत होत्या. मी त्या डॉक्टरांचा पत्ता घेतला.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी सवयीने चपला काढल्या, टेबलावर चढले आणि डोळे मिटून झोपले. डॉक्टर तरुण होते. ते कागद वाचत होते.

"उठा बाई, झोपायला कुणी सांगितलं? उभ्या राहा."

मी उभी राहिले. त्यांनी खोकायला लावलं. मग कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलायला लावलं. स्टूल जमिनीवरून जेमतेम सुटलं असेल, तोच गाठ वर आली. त्यांनी बोटं ठेवली, सोडली, पुन्हा ठेवली आणि विचारलं की हे कधीपासून आहे. स्टूल तसंच हातात धरून मी हमसाहमशी रडायला लागले. बरोबर आलेला नवरा घाबरला. त्याला वाटलं काहीतरी भयंकर निघालं. मला इतका आनंद लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, पण ते त्याला तेव्हा सांगता येण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोटाची भिंत म्हणजे एकावर एक शिवलेले थर. माझ्या भिंतीच्या आतल्या थराला भोक पडलं होतं आणि सगळ्यात वरचा थर शाबूत होता. गोधडीचं आतलं कापड फाटलं आणि वरचं धड राहिलं तर कापूस मधल्या मधे गोळा होतो, तसं पोटातलं काहीतरी त्या भोकातून थरांच्या मधे येऊन बसत होतं आणि झोपलं की परत जात होतं. हर्नियाचाच प्रकार, पण फार कमी लोकांना होणारा. नाव स्पायगेलियन. बाहेरून कापून हे भोक शोधत बसावं लागतं, कारण भूल दिली की गाठ आत जाते आणि वरून सगळं धड दिसतं. आतून कॅमेऱ्याने बघितलं की भोक समोरच दिसतं. मग त्यावर जाळी लावायची.

फार कमी लोकांना होणारा, हे शब्द ऐकून मी रडायची थांबले. आमच्या बिल्डिंगमध्ये पित्ताचे खडे होते, मूळव्याध होती, पिशवी काढलेल्या तिघी होत्या. असलं काही कुणाकडे नव्हतं. घरी येईपर्यंत नाव नीट म्हणता यावं म्हणून मी ते रिक्षात घोकत होते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. हर्निया तर पुरुषांना होतो. त्यांच्या माहेरी कुणा काकांना अंतर्गळ होता आणि तो शब्दही बायकांसमोर कुणी उच्चारत नसे. सुनेला तो झालाय हे शेजारी सांगायचं कसं, या काळजीत त्या पडल्या. मी त्यांना गोधडीचा दाखला दिला. त्या म्हणाल्या, माझ्या गोधड्या अशा कधी फाटल्या नाहीत.

ऑपरेशनचा दिवस ठरला. दुर्बिणीचा सगळा संच तेव्हा मुंबईहून यायचा आणि दुपारी परत जायचा, म्हणून सकाळी पहिला नंबर माझा. आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, पाण्याचा थेंबही नको, असं तीन-तीनदा बजावलं होतं. मी सगळं पाळलं. चहा नाही, पाणी नाही. सकाळी देवाला नमस्कार केला, सासूबाईंच्या पाया पडले आणि हात पुढे केला. त्यांनी तळहातावर दही-साखर घातली. मी ती चाटली, हात पदराला पुसला आणि आम्ही निघालो.

इथे वाचकांपैकी जे हसले त्यांच्या घरी दही-साखर देत नसावेत. आमच्याकडे परीक्षेला, इंटरव्ह्यूला, गावाला, कशालाही निघताना ती हातावर पडतेच. ते खाणं नव्हेच. तो शकुन. उपासाला साबुदाण्याची खिचडी जशी खाण्यात धरत नाहीत, तसंच. सासूबाईंना मी काही खाल्लं असं वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं नाही आणि विज्ञान शिकवणाऱ्या मला तर मुळीच वाटलं नाही. ठाण्याला पोचल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सकाळपासून काही खाल्लं का म्हणून विचारलं, तेव्हा मी शपथेवर नाही म्हणून सांगितलं. नवरा सत्यवचनी. तो म्हणाला, "नाही हो, काहीच नाही. निघताना दही-साखर तेवढी."

बाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर जीव जातो, हे त्यांनी आम्हाला अशा आवाजात सांगितलं की मला एकदम आठवी ब चा वर्ग आठवला. मी रागवते तेव्हा मुलांना काय वाटत असेल ते कळलं. पोट रिकामं होईस्तोवर थांबायचं तर मुंबईचा संच परत जाणार. पुढची तारीख महिन्याने. आम्ही घरी परत.

खरं सांगायचं तर जिना चढताना मला सुटल्यासारखं वाटत होतं. पोटात भोकं पाडून घ्यायची मला प्रचंड भीती वाटत होती आणि ती मी कुणाला कळू दिली नव्हती. पण हा आनंद दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकला. पाण्याच्या वेळी नळावर गेले तर बायका एकदम गप्प झाल्या. तळमजल्यावर एक कोळीणबाई मासे विकायला बसायची. बिल्डिंगमधली बातमी पहिली तिच्याकडे पोचायची. ती मला बघून म्हणाली, "बाय, डाक्टरांनी परत पाठवलं ना? बरं झालं. काय नाय म्हंजे चांगलंच." चमचाभर दह्याने माझं वर्षादीड वर्षाचं काम पाण्यात घातलं होतं. टेबलापर्यंत जाऊन परत आले म्हणजे काहीच नव्हतं, असा निकाल लागला होता. सासूबाईंनी तो निकाल दिला नसेलही, पण खोडूनही काढला नाही. त्या महिनाभर दही विरजताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही बघत नव्हते. हंडा मी चढवतच होते.

महिन्याने ऑपरेशन झालं. या वेळी सासूबाई हात मागे बांधून दारात उभ्या राहिल्या आणि नीट जा एवढंच म्हणाल्या. ऑपरेशनचं मला काहीच सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हते, भुलीत होते. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर तीन छोट्या पट्ट्या होत्या, लहान मुलांच्या गुडघ्याला लावतात तेवढ्या. पोट दुखत होतंच, पण त्याहून जास्त उजवा खांदा ठणकत होता. ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात आणि त्यातला उरलेला वर दाटला की खांदा दुखतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. हे मला पटलं. पण भेटायला आलेल्या सासूबाईंनी कसं आहे विचारल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते, आई, खांदा फार दुखतोय. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. आधी पोट, आता खांदा. शिवाय कारण काय, तर गॅस. आमचे फॅमिली डॉक्टर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले आणि माझी खरी पंचाईत सुरू झाली. भेटायला येणाऱ्या बायका पोट बघायला मागायच्या. आमच्याकडे ऑपरेशनचा मान टाक्यांवर ठरायचा. पहिल्या मजल्यावरच्या मावशींचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी बेंबीपासून खालपर्यंतची चीर दाखवली होती आणि आम्ही सगळ्या हळहळलो होतो. मी साडी जरा सरकवली की त्या वाकून बघायच्या, अजून कुठे काही आहे का शोधायच्या आणि सरळ व्हायच्या. एवढंच? असं तोंडाने कुणी म्हणत नसे. चहा घेऊन निघताना मात्र आता विश्रांती घे हो, असं अशा सुरात म्हणायच्या, की विश्रांतीसाठीच तर केलंस ना सगळं. पाणी चढवायला सासूबाईंनी एक बाई लावली होती. मी पलंगावर पडून तिची पावलं जिन्यात ऐकायचे आणि चोरासारखं वाटायचं. भोक बुजलं होतं, गाठ गेली होती, कळ गेली होती, आणि ते सगळं कधी होतं याला आता कसलाच पुरावा उरला नव्हता. मी मोठी चीर मागून घ्यायला हवी होती, असंही एकदा मनात आलं. मूर्खपणाला काही मर्यादा असते म्हणतात, मला ती सापडली नव्हती.

पट्ट्या काढायला ठाण्याला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक व्हिडिओ कॅसेट हातात ठेवली. असली केस क्वचितच मिळते म्हणून त्यांनी सगळं ऑपरेशन रेकॉर्ड केलं होतं, इतर डॉक्टरांना दाखवायला. एक कॉपी पेशंटला. मी ती पर्समध्ये अशी घातली की जणू सोनंच आहे.

शेजारच्या काकूंकडे व्हीसीआर होता. तो रविवारी दुपारी आमच्याकडे आला, आणि व्हीसीआर जिन्यातून दिसला म्हटल्यावर पिक्चर आहे असं समजून अर्धा मजला आला. पिक्चर कसला आहे हे कळल्यावरही कुणी गेलं नाही. मी आधी नको नको म्हटलं. पण अंगावर ठेवणीतली साडी होती, हे काकूंच्या लक्षात आलंच असेल. ऑपरेशनपर्यंत कमरेवरचा पदर सरकू न देणारी मी, स्वतःच्या आतड्यांच्या प्रदर्शनाला नटून बसले होते. सासूबाई पुढे खुर्चीवर, चष्मा लावून. माझ्या हातात लाटणं. फळ्यावर दाखवायची छडी शाळेत राहिली होती.

टीव्हीवर गुलाबी, ओलं, चकचकीत असं काहीतरी दिसायला लागलं. ते आतून इतकं स्वच्छ होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. हे लहान आतडं, मी लाटण्याने दाखवलं. ही पोटाची भिंत, आतल्या बाजूने. हे पिवळं म्हणजे चरबी. इतकी? असं मागून कुणीतरी म्हणालं, मी ऐकलं नाही असं दाखवलं. कॅमेरा डावीकडे सरकला आणि मीही पहिल्यांदाच ते बघितलं. सपाट भिंतीत एक काळं भोक होतं, कडा गोल, गुळगुळीत. पोटातल्या चरबीचा एक पदर त्यात शिरून अडकला होता. चिमट्याने तो धरला आणि हळूहळू ओढायला सुरुवात केली. तो येतच राहिला, येतच राहिला. लाटणं मी खाली घेतलं. शेवटचं टोक सुटून आलं तेव्हा भोक नुसतं उघडं राहिलं. मग गुंडाळून आत घातलेली जाळी उलगडली, भोकावर बसवली, बारीक टाचण्यांनी ठोकली.

"मागं घे रे जरा," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

त्याने कॅसेट मागे घेतली. जाळी निघाली, चरबी सरसर भोकात परत गेली, माझा सगळा आजार पूर्ववत झाला. त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तो चिमटा, पुन्हा तो पदर, पुन्हा ते भोक. सासूबाईंनी हात वर केला आणि त्याने चित्र तिथेच थांबवलं. त्या खुर्चीतून पुढे वाकल्या.

"हे हिच्या पोटात दोन वर्षं असंच होतं?"

"हो," नवरा म्हणाला.

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू हंडे चढवत होतीस."

या क्षणासाठी माझ्याकडे भाषण तयार होतं. जिन्यात, स्टाफरूममध्ये, सोनोग्राफीच्या टेबलावर मी ते शंभरदा मनात म्हटलं होतं. पाणी आलं की कळ येते, या वाक्याला त्यात खास उत्तर होतं. ऐकायला अर्धा मजला हजर होता, हातात लाटणंसुद्धा होतं. पण सासूबाईंचा खालचा ओठ हलत होता. तसा तो मी कधी बघितला नव्हता, सासरे गेले तेव्हाही नाही. दोन वर्षं मला जे हवं होतं ते समोर आलं आणि मला ते सहन होईना.

"आई, तसं फार दुखत नव्हतं हो," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

"आता खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या.